आठ चाळीसचा चंद्र

१

पेटी उघडी होती आणि घड्याळ नव्हतं.

निळ्या मखमलीत घड्याळाच्या आकाराचा खळगा तेवढा उरला होता. रविवारी सकाळी साडेनऊ वाजता मी गुरुग्रामला यशोधनच्या अभ्यासिकेत उभा राहून त्या खळग्याकडे बघत होतो. यशोधन हा माझ्या बायकोच्या, लतिकाच्या, बहिणीचा मुलगा. सात वाजता त्याच्या बायकोचा, रेवतीचा फोन आला होता.

"काका, तुम्ही याल का? यशोधन पोलिसांत जायचं म्हणतोय. आणि गंगुबाई तुमच्याशिवाय कुणाशी बोलायला तयार नाहीत."

मी चहा अर्धा टाकून निघालो. खरं सांगायचं तर मला घराबाहेर पडायला निमित्तच लागतं. लतिका मार्चमध्ये गेली. लक्ष्मीबाई नगरला मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी राहतो. अनुष्का ऑफिसला गेली की मीही निघतो, मेट्रोत बसतो, शेवटच्या स्टेशनापर्यंत जातो आणि परत येतो. एका जागी बसवत नाही.

गंगुबाई बारा वर्षं आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या. मूळच्या परभणीकडच्या. लतिकाच्या आजारपणात पाच महिने तिच्या उशाशी बसल्या. ती गेल्यावर मीच त्यांना यशोधनकडे लावून दिलं. आता यशोधन म्हणत होता की चोर त्याच.

"सहा वाजेपर्यंत वाट बघतो," तो म्हणाला. "तुमच्या शब्दाखातर, काका. मग तक्रार. गेटवरच्या ॲपमध्येही टाकणार."

त्या ॲपचं मला ठाऊक होतं. तिथल्या कामवाल्यांची नावं त्यात असतात. नावापुढे लाल खूण आली की कुठल्याच टॉवरमध्ये कुणी दार उघडत नाही. गंगुबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. त्यांना हात, पाय आणि चांगलं नाव यापलीकडे काही नाही.

"त्यांची खोली बघितलीस?"

"काल रात्रीच. काही मिळालं नाही."

"आणि पाहुण्यांचे खिसे?"

"पाहुण्यांचे खिसे कोण तपासतं, काका?"

२

मी चौतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं जुळवायचं काम केलं. त्यामुळे यशोधनला ते घड्याळ मला दाखवायची हौस होती. त्याची किंमत मी कधी विचारली नाही. सोळा महिने थांबून त्याने ते स्वित्झर्लंडहून खास दिल्लीसाठी बनवून घेतलं होतं.

"परत सांग," मी म्हटलं. "त्यात काय काय दिसतं?"

घड्याळ हरवलेलं असूनही सांगताना त्याचा चेहरा उजळला. "तारीख, सूर्योदय, सूर्यास्त. आणि तबकडीवर सगळं आकाश. तारे फिरतात, चंद्र फिरतो. त्यावर सोन्याच्या बारीक रेषेचा एक अंडाकार आहे. ते दिल्लीचं क्षितिज. त्याच्या आत जे आहे ते आत्ता आपल्या डोक्यावर. चंद्र उगवला की तो रेषा ओलांडून आत येतो. दोन-चार मिनिटांचा फरक, बास. बाहेर धुरामुळे काही दिसत नाही, पण माझ्या मनगटावर दिसतं."

"किल्लीचं आहे?"

"रोज संध्याकाळी साडेसातला किल्ली देतो. कालही दिली. सगळ्यांसमोर."

सगळे म्हणजे चौघं. यशोधन, रेवती, आणि ऑफिसातले दोघं, प्रसन्न आणि शिवांगी. शनिवारची संध्याकाळ होती. साडेसातला घड्याळ बघून झालं, पेटी अभ्यासिकेतल्या टेबलावर उघडीच राहिली. मग सगळे हॉलमध्ये बसले. साडेआठला चौघं खाली क्लबहाउसमध्ये गाण्याच्या कार्यक्रमाला गेले. साडेनऊला परत आले तेव्हा पेटी रिकामी होती. मधला तासभर घरात एकट्या गंगुबाई.

"साडेसात ते साडेआठ कुणीही उचललं असेल," मी म्हटलं.

"नाही. साडेआठला ते जागेवर होतं. प्रसन्नने बघितलंय."

रेवती दारात उभी होती. "मला विचाराल तर गेलं ते बरं झालं," ती म्हणाली. "घरात पाऊल टाकलं की आधी त्या चंद्राची चौकशी. बायको दिवसभर कुठे होती ते नंतर."

"रेवती, प्लीज."

"काय प्लीज? मीच लपवलं असेल असं काकांना वाटू दे की. निदान कुणीतरी माझ्यावर संशय तरी घेतला, असं होईल."

ती हसली नाही. मी तिच्याकडे नीट बघितलं. तिचे डोळे रडून सुजलेले होते, आणि ते रडणं घड्याळासाठी नव्हतं.

"त्या दोघांना बोलाव," मी यशोधनला म्हटलं. "मला त्यांच्याकडून ऐकायचंय."

३

शिवांगी अकराला आली. वाढलेली इथलीच, दिल्लीत. मराठी बोलते, पण अडखळत.

"अंकल, मी सच सांगते. मी बाल्कनीत फोनवर होते, मम्मीशी. पावणेआठ, टेन टू एट, असं काहीतरी. अभ्यासिकेची खिडकी तिथेच उघडते ना. आतून आवाज आला. टक. छोटासा. फरशीवर काहीतरी पडल्यासारखा."

"आत बघितलंस?"

"नाही यार… सॉरी, नाही अंकल. पडदा होता. मला वाटलं ग्लास असेल. पण ग्लास तुटला असता ना?"

"तेव्हा हॉलमध्ये कोण नव्हतं?"

"कोणीच एका जागी नव्हतं. यशोधन सर स्पीकर लावत होते. रेवती दीदी चेंज करायला गेल्या होत्या. प्रसन्न पाणी प्यायला की काय. बिल्कुल लक्ष नव्हतं माझं."

प्रसन्न साडेअकराला आला. तिशीचा, नीटनेटका, पुण्याचा. मे महिन्यात तिथल्या ऑफिसातून बदलून आलेला. खांद्याला काळी सॅक होती. सोफ्यावर बसला तेव्हा ती त्याने मांडीवर घेतली.

"काका, मला खूप वाईट वाटतंय. मी कुणाचं नाव घेत नाही. फक्त जे पाहिलं ते सांगतो. साडेआठला सगळे लिफ्टपाशी गेले. माझा चार्जर अभ्यासिकेत राहिला होता, म्हणून परत आलो. घड्याळ पेटीत होतं."

"नीट बघितलंस?"

"नीट म्हणजे, मी वाकून बघितलं. चंद्र अजून आत यायचा होता. सोन्याच्या रेषेच्या अगदी खाली, केसभर. वाटलं, थोडं थांबलो तर रेषा ओलांडताना दिसेल. पण सरांनी हाक मारली." मग तो म्हणाला, "आणि ते बरोबरच आहे ना. काल संकष्टी होती. कॅलेंडरवर चंद्रोदय आठ चाळीस आहे. स्वयंपाकघरात लावलंय बघा."

"तू उपास करतोस?"

"मी नाही. आई करते, पुण्यात. फोनवर विचारते, दिल्लीत चंद्र दिसला का रे म्हणून. मे-जूनमध्ये मी गच्चीवर जाऊन बघितलाही. कॅलेंडरच्या वेळेला बरोब्बर."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. रेवतीने पुण्याहून आणलेलं मराठी कॅलेंडर फ्रिजशेजारी लटकत होतं. नोव्हेंबर. शनिवारच्या चौकोनात गणपती, आणि खाली बारीक अक्षरात चंद्रोदय ८.४०.

प्रसन्नचं म्हणणं चोख बसत होतं. घड्याळ साडेआठला जागेवर होतं, आणि त्यानंतर घरात गंगुबाईंखेरीज कुणी नव्हतं.

४

गंगुबाई त्यांच्या खोलीत कॉटच्या कडेला बसल्या होत्या. मला बघून उठल्या.

"साहेब, जेवलात का?"

इतकं सगळं झाल्यावर बाईंनी पहिला प्रश्न हा विचारला. मी म्हटलं, "माझं राहू द्या. काल काय झालं ते सांगा."

यशोधन, रेवती आणि ते दोघंही दाराबाहेर येऊन उभे राहिले. मी त्यांना जायला सांगितलं नाही. त्यांनीही ऐकावं असं मला वाटत होतं.

"काय व्हायचंय, साहेब. उपास होता. दिवसभर वरीचे तांदूळ सोडून काही नाही. चंद्र उगवल्यावर मागच्या बाल्कनीत दिवा लावला, मोदकाचा नैवेद्य दाखवला, दोन घास खाल्ले. मग कपबश्या गोळा करायला अभ्यासिकेत गेले. पेटी उघडी होती. आत घड्याळ नव्हतं. मला वाटलं, यशोधनसाहेबांनी हातात घातलं असेल."

"बघा!" यशोधन म्हणाला. "चंद्र उगवल्यावर. म्हणजे आठ चाळीसनंतर. आम्ही तेव्हा खाली होतो. स्वतःच सांगताहेत की त्या एकट्या अभ्यासिकेत गेल्या."

"तेव्हा तुम्ही सगळे घरातच होता की," गंगुबाई म्हणाल्या. "हॉलात हसणं चाललं होतं. ही शिवांगीताई मोठ्याने बोलत होती."

"मी?" शिवांगी म्हणाली.

"किती वाजले होते, गंगुबाई?" मी विचारलं.

"आठ. आठला दिवा लावला. ताईंच्या वेळेला."

"आठला चंद्र?" यशोधन हसला. ते हसणं मला आवडलं नाही. "स्वयंपाकघरात कॅलेंडर तुमच्या डोक्यावर टांगलंय, गंगुबाई. आठ चाळीस लिहिलंय. उपासाचंही खोटं सांगायचं?"

गंगुबाईंचा चेहरा पडला. चोरीचा आळ त्यांनी रात्रभर सोसला होता. उपासाचा त्यांना सोसेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या, "ताईंच्या वेळेला, साहेब. तुम्हाला ठाऊक आहे की."

मला ठाऊक नव्हतं. एकेचाळीस वर्षं संसार करून मला माझ्या बायकोची वेळ ठाऊक नव्हती.

"सहा वाजेपर्यंत थांब म्हणालास ना?" मी यशोधनला विचारलं. "मग थांब. या दोघांनाही थांबवून घे. मी घरी जाऊन येतो."

"आत्ता? कशाला?"

"ते मला तिथे गेल्यावर कळेल."

५

मेट्रोत बसायला जागा होती, पण मी दाराशी उभा राहिलो. आयएनएला उतरून घरापर्यंत चालत गेलो. धुरामुळे दुपारीही सूर्य पांढरट दिसत होता. घसा खवखवत होता.

आमचं कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. अजून मार्चच होता त्यावर. लतिका गेल्यापासून पान मी उलटलं नव्हतं, आणि अनुष्काला हात लावू दिला नव्हता. मला ते उलटायचंच नव्हतं. पाच-दहा मिनिटं मी नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो. मग चष्मा लावला.

मार्चच्या संकष्टीच्या चौकोनात छापलेल्या वेळेशेजारी पेन्सिलीने एक आकडा होता. तिचं अक्षर. असे आकडे मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो आणि कधी वाचले नव्हते. एकदा विचारलं होतं, छापलेलं असताना हा उद्योग कशाला? ती म्हणाली होती, "तो मुंबईचा चंद्र आहे हो. आपला वेगळा." मी वर्तमानपत्र वाचत होतो.

पान उलटलं. एप्रिल. तिथेही आकडा होता. ती तेव्हा नव्हती. मे, जून, जुलै, सगळीकडे आकडे. जानेवारीतच तिने पूर्ण वर्षाचं लिहून ठेवलं होतं, दरवर्षीसारखं, बाजारातून हिंदी पंचांग आणून. तिला तेव्हा डॉक्टरांनी सगळं सांगितलेलं होतं. तरी तिने डिसेंबरपर्यंत लिहिलं.

मी खुर्ची ओढून बसलो. थोडा वेळ मला चौकशी वगैरे काही आठवत नव्हतं.

मग डोळे पुसून आकडे नीट बघितले. मे, जूनमध्ये छापलेली वेळ आणि तिची वेळ यांत चार-सहा मिनिटांचा फरक. सप्टेंबरला तो वाढला. ऑक्टोबरला आणखी. नोव्हेंबरच्या पानावर छापलं होतं ८.४०. शेजारी तिने लिहिलं होतं ७.५९.

पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, सर्व वेळा मुंबईच्या आहेत असंही छापलेलं होतं. मी खात्रीसाठी फोनवर दिल्लीचा चंद्रोदय शोधला. एक मिनिट लागलं. सकाळपासून आमच्यापैकी कुणीही ते केलं असतं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुणी संशय घेत नाही. स्वयंपाकीणबाईंवर घेतात.

मी नोव्हेंबरचं पान अलगद फाडलं, घडी घातली आणि पुन्हा मेट्रो पकडली. आता मला कळलं होतं की घड्याळ कुणी उचललं. ते कुठे आहे याचाही अंदाज होता.

६

साडेचार वाजता सगळे हॉलमध्ये बसले होते. मी गंगुबाईंनाही बोलावून खुर्चीवर बसवलं. त्या टोकावर बसल्या.

"प्रसन्न," मी म्हटलं, "साडेआठला घड्याळात चंद्र कुठे होता?"

"सांगितलं ना, काका. रेषेच्या खाली. केसभर."

"खात्री आहे?"

"हो. डोळ्यांसमोर आहे माझ्या."

"माझाही तुझ्यावर विश्वास आहे. तू चंद्र तिथेच बघितलास." मी पान उलगडून टेबलावर ठेवलं. "फक्त साडेआठला नाही. हे कॅलेंडर मुंबईच्या वेळा छापतं. यशोधनचं घड्याळ दिल्लीचं आहे. काल दिल्लीत चंद्र आठला एक मिनिट कमी असताना उगवला. साडेआठला तो रेषेच्या चांगला आत असायला हवा. अर्धा तास झाला होता. कुणालाही ठळक दिसला असता."

यशोधनने पान ओढून घेतलं. लगेच फोन काढला, शोधलं, आणि फोन पालथा ठेवला.

"चंद्र रेषेच्या केसभर खाली कधी होता?" मी म्हटलं. "आठच्या दहा-बारा मिनिटं आधी. तेव्हाच शिवांगीने बाल्कनीत आवाज ऐकला, फरशीवर काहीतरी पडल्याचा. घड्याळ पडलं की आतल्या चाकाचा बारीक दांडा मोडतो आणि ते जागीच थांबतं. चंद्रही थांबतो. तू तो थांबलेला चंद्र बघितलास, प्रसन्न. नंतर साडेआठची गोष्ट रचलीस, आणि ती कॅलेंडरशी ताडून घेतलीस. कॅलेंडर म्हणालं आठ चाळीस. तुझ्या दृष्टीने सगळं जुळलं. उन्हाळ्यात दोन्ही शहरांच्या वेळा जवळ असतात, थंडीत लांब जातात. तू मे महिन्यात आलास. दिल्लीची थंडी तुला अजून ठाऊक नाही."

"काका, हे म्हणजे…" प्रसन्न म्हणाला.

"गंगुबाईंनी आठला दिवा लावला, दोन घास खाल्ले, सव्वाआठच्या सुमाराला अभ्यासिकेत गेल्या. तेव्हा पेटी रिकामी होती. त्या खरं बोलत होत्या. तुझ्या साडेआठने त्यांना खोटं पाडलं."

मी त्याच्या मांडीकडे बोट केलं.

"ती सॅक तू सकाळपासून खाली ठेवलेली नाहीस. जेवतानाही नसशील."

"जेवताना शेजारच्या खुर्चीवर होती," रेवती म्हणाली. "मी म्हटलंसुद्धा, इकडे दे, आत ठेवते."

प्रसन्नने बराच वेळ चेन धरून ठेवली. मग सॅक उघडली आणि मोज्यात गुंडाळलेलं घड्याळ बाहेर काढलं. काटे सात अठ्ठेचाळीसवर थांबले होते. सोन्याच्या रेषेच्या केसभर खाली चंद्र होता. पांढरा, तिळाएवढा.

"मला फक्त जवळून बघायचं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "सर, हातातून निसटलं. पुढच्या आठवड्यात माझं कन्फर्मेशन आहे, नोकरी पक्की व्हायचीय. वाटलं, गुपचूप दुरुस्त करून परत ठेवतो. सोमवारी एकाकडे नेणार होतो, तोवर खोलीवर ठेवायची भीती वाटली. मी गंगुबाईंचं नाव घेतलं नाही, काका. एकदाही नाही."

"नाही घेतलंस," मी म्हटलं. "ते बाकीच्यांवर सोडलंस."

यशोधन घड्याळ कानाला लावून बसला होता. ते बंद आहे हे त्याला दिसत होतं, तरी ऐकत होता. मग त्याने ते टेबलावर ठेवलं आणि गंगुबाईंसमोर येऊन उभा राहिला.

"गंगुबाई, माझी चूक झाली."

"चोरीचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "उपासाचं खोटं म्हणालात, ते लागलं."

"माफ करा. तुम्ही इथेच राहा. काही बदलणार नाही."

"ते मला दिसतंय," गंगुबाई म्हणाल्या आणि पिशवी भरायला आत गेल्या.

रेवती त्यांच्या मागे गेली. बराच वेळ आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

७

मेट्रोत गंगुबाई माझ्या शेजारी बसल्या. पायाशी पिशवी, मांडीवर स्टीलचा डबा. त्यात माझ्यासाठी कालचे मोदक होते. रविवारी मला द्यायचे म्हणून त्यांनी बाजूला ठेवलेले.

"अनुष्काताई काय म्हणतील?" त्यांनी विचारलं.

"म्हणेल, बाबांच्या हातच्या खिचडीतून सुटले."

त्या हसल्या. दोन स्टेशनं गेली. मी उठलो नाही, दाराशी गेलो नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"साहेब, पुढची संकष्टी सात पंचावन्नला ना?"

मला बघून आलेलं आठवत होतं. "हो, सात पंचावन्न."

"आणि जानेवारीपासून? मी ताईंनाच विचारायचे. त्या वर्षभराच्या वेळा सांगायच्या, मी पाठ करायचे."

आयएनएला उतरलो, पण घराकडे वळलो नाही. त्यांना घेऊन बाजारात गेलो. पूजेच्या सामानाच्या दुकानात नवीन वर्षाची हिंदी पंचांगं नुकतीच येऊन पडली होती, दोरीने बांधलेली. मी एक मागितलं. शेजारच्या दुकानातून एक पेन्सिल आणि शार्पनर घेतला.

दुकानदार दोरी सोडत म्हणाला, "अंकलजी, अभी से? नया साल तो दूर है।"

"हाँ," मी म्हटलं, "पर काम बारह महीने का है।"